गणिताच्या सरांना डॉक्टरचे प्रश्न

विचार करा, तुम्हाला शरीराबद्दल एक प्रश्न पडलाय. घरी विचारता येत नाही, मित्र हसतील. अंबाडी नाक्यावरच्या डॉक्टरांना विचारावं, तर वेटिंगमध्ये निम्मे लोक ओळखीचे! आता हाच प्रश्न एखाद्या ट्रान्सजेंडर मुलीला पडलाय असं धरा. केसपेपरवरचं नाव मुलाचं, समोर बसलेली मुलगी. डॉक्टर गडबडतात, कारण हा पेशंट त्यांना कॉलेजात कुणी शिकवलेलाच नसतो.

शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईत असे चारचौघांत न विचारता येणारे प्रश्न लोक पत्राने एका माणसाला विचारायचे. आणि तो डॉक्टरही नव्हता. गणिताचा प्रोफेसर होता!

रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म 1882. मॅट्रिकला पहिले आलेले, पुढे गणितासाठी पॅरिसलाही जाऊन आले. म्हणजे करिअर सेट होतं. पण 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सने तिचं क्लिनिक उघडलं, यावरून कर्वे किती पुढे होते बघा. या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. पत्नी मालतीबाई खंबीरपणे पाठीशी राहिल्या. मूल होऊ द्यायचं नाही हे दोघांनी ठरवलेलं, आणि नसबंदी रघुनाथरावांनी स्वतःची करून घेतली. आजही किती पुरुष करतात?

जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना ते उत्तरं द्यायचे. लाजवायचं नाही, पाप-पुण्याची भीती घालायची नाही, शास्त्र काय म्हणतं ते सांगायचं. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण, काहीही विचारा. याच उत्तरांवरून 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्याआधी 1931 मध्ये एका लेखासाठी दंड झालाच होता. या वेळी कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लीलच, हे त्यांनी मान्य केलं नाही. प्रश्न लोकांचे असतील तर उत्तर द्यायलाच हवं, असा त्यांचा मुद्दा होता. समलिंगी आकर्षणाबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिस या ब्रिटिश संशोधकाचा आधार घेतला. तरी केस हरले. दंड दोनशे रुपये.

कर्वे थांबले नाहीत. ऑक्टोबर 1953 मध्ये गेले, तोपर्यंत मासिक चालूच होतं.

पण लोकांना एका गणिताच्या सरांना का विचारावं लागत होतं? डॉक्टरकडे उत्तर मिळण्याची खात्री नव्हती, म्हणून. ही गोष्ट अजून जुनी झालेली नाही. 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्यात डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा फेरविचार करायचं लिहिलंय. मद्रास हायकोर्टाने 2021 मध्ये कान टोचल्यावर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने पाठ्यपुस्तकांतला अपमानास्पद मजकूर काढायला सांगितलं. आणि 2024 मध्ये त्याच आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’च्या यादीत आले! आरडाओरडा झाला, तेव्हा काही दिवसांतच तो मागे घेतला.

तुमचा कुणी मित्र एमबीबीएसला असेल, तर त्याचं फॉरेन्सिकचं पुस्तक मागून बघा. कोणत्या सालची आवृत्ती आहे आणि आत काय छापलंय, दोन्ही वाचा.