मराठ्यांशी लढायला आलेल्या साहेबानं दख्खनच्या लांडग्याला जगभर नाव दिलं, आणि त्याचं तरस थेट लंडनला गेलं

व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ येतो. रात्रीची वेळ, हेडलाइटचा उजेड आणि रस्ता ओलांडणारं एक जनावर. पाच मिनिटांत ग्रुपवर भांडण सुरू. कुणाला तो बिबट्या वाटतो, कुणाला लांडगा, कुणाला कोल्हा. बऱ्याच वेळा ते निघतं तरस.

तोपर्यंत गावात बातमी पसरलेली असते आणि काठ्या बाहेर निघालेल्या असतात.

जनावर नेमकं कोणतं, हा प्रश्न म्हणूनच साधा नाही. या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राच्या माळरानावर फिरून वहीत लिहून ठेवणारा एक माणूस जवळपास २०० वर्षांपूर्वी होऊन गेला. आज भारतीय लांडग्याचं शास्त्रीय नाव शोधलं, तर ते कॅनिस ल्युपस पॅलिपेस असं दिसतं आणि त्यापुढे एक आडनाव आणि एक साल येतं. आडनाव साईक्स, साल १८३१.

हा साईक्स म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साईक्स. मूळचा इंग्लंडच्या यॉर्कशायरचा. जन्म जानेवारी १७९० चा.

१८०३ मध्ये, म्हणजे जेमतेम १३ वर्षांचा असताना, त्याचं नाव ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत लागलं. १८०५ मध्ये लॉर्ड लेकनं भरतपूरच्या किल्ल्याला वेढा दिला, त्या फौजेत हा पोरगा होता. पुढे तो हिंदुस्तानी आणि मराठी शिकला.

मग आलं १८१७ साल. नोव्हेंबरमध्ये पुण्याजवळ खडकीला पेशव्यांची फौज आणि इंग्रज समोरासमोर आले. साईक्स तेव्हा इंग्रजांच्या बाजूनं मैदानात होता. काही दिवसांतच पुणं पडलं, आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली.

म्हणजे आपल्या मुलखात तो जिंकायला आला होता, जनावरं बघायला नाही. हे विसरून चालत नाही.

पण जिंकल्यावर कंपनीपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. हा मुलूख आहे तरी केवढा? गावं किती, माणसं किती, जमीन कशी, पीक काय, पाऊस किती? कर बसवायचा तर हे सगळं माहीत पाहिजे. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्यानं १८२४ मध्ये साईक्सला नवं काम दिलं. हुद्दा होता मुंबई सरकारचा सांख्यिकी वार्ताहर. सोप्या भाषेत सांगायचं तर, फिरायचं, मोजायचं आणि लिहायचं.

पुढची काही वर्षं साईक्सनं तेच केलं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टरी त्यानं पालथ्या घातल्या. शेतजमिनीचे हक्क, पिकं, लोकसंख्या, हवेचा दाब, तापमान सगळं टिपलं. एखाद्या ठिकाणची उंची काढायला तो पाणी उकळून त्यात थर्मामीटर धरायचा, कारण जितकं उंचावर जावं तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. साईक्स वाशिमला गेला नाही. तेव्हा वाशिमसकट सगळं वऱ्हाड निजामाच्या राज्यात होतं, आणि ते इंग्रजांच्या कारभाराखाली आलं १८५३ मध्ये. पण जनावरांना कलेक्टरीच्या हद्दी कळत नाहीत. पुणे-नगरकडच्या माळावर जी खुरटी गवताळ जमीन साईक्सनं पाहिली, तशीच जमीन आज वाशिम जिल्ह्यात कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यात राखलेली आहे. लांडग्याचं खरं घर हेच. घनदाट जंगल नव्हे, उघडा माळ.

तर, मोजणी करता करता साईक्सनं आणखी एक हिशेब सुरू केला. या मुलखात कोणकोणती जनावरं, पक्षी आणि मासे आहेत, याचा.

त्याच्या कामाची गंमत नावांत आहे. त्या काळी युरोपात नव्या प्राण्याला नाव द्यायचं म्हणजे लॅटिन नाहीतर ग्रीक शब्द शोधायचे. साईक्सनं तसं केलंच, पण त्याबरोबर इथले लोक त्या प्राण्याला काय म्हणतात तेही तो लिहून घ्यायचा. लांडगा, कोळसून, तरस ही मराठी नावं त्याच्या यादीत शास्त्रीय नावांच्या शेजारी बसली. काही वेळा तर मराठी शब्द थेट लॅटिन नावातच घुसला. छोट्या खोकडाला त्यानं नाव दिलं कॅनिस कोकरी. मुळा-मुठेतल्या माशाचं नाव झालं खुद्री. आणखी एका माशाचं नाव पडलं पोटेल. एका धोबी पक्ष्याच्या नावात भीमा नदी आली, तर एका रातव्याच्या नावात चक्क मराठे आले. त्याचं नाव कॅप्रिमुल्गस महारत्तेन्सिस.

ही नावं कुठल्या पुस्तकातून आलेली नव्हती. ती माळावर आणि नदीकाठी राहणाऱ्या माणसांच्या तोंडची होती. यादीवर सही साहेबाची, पण तिच्यातली कितीतरी माहिती गावातली.

१८२९ च्या शेवटी सरकारनं हे सांख्यिकीचं खातंच बंद केलं. साईक्सनं मात्र काम अर्धवट सोडलं नाही. अहवाल पुरे होईपर्यंत तो थांबला आणि १८३१ मध्ये सामानसुमान बांधून इंग्लंडला निघाला. सामानात वह्या होत्या, कातडी होती, पेंढा भरलेले पक्षी होते.

आणि एक जिवंत तरस होतं.

हे तरस पिल्लू असल्यापासून साईक्सच्या घरात मोकळं फिरायचं. जहाजावर त्याला पिंजरा होता, पण दिवसातून काही वेळ त्याला बाहेर सोडायचे. मग ते डेकवर कुत्र्यांशी खेळायचं, खलाशांबरोबर उड्या मारायचं. लंडनला पोचल्यावर ते रीजेंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात गेलं. ते तेव्हा नुकतंच, म्हणजे १८२८ मध्ये सुरू झालं होतं.

साईक्स तिथे जायचा तेव्हा तरस त्याला ओळखायचं. एकदा ते पिंजऱ्यात मागे झोपलं होतं. साईक्सनं हाक मारली तसं ते उठलं, गजांना डोकं घासायला लागलं आणि आनंदानं उड्या मारायला लागलं.

हे वाचून कुणी तरस पाळायच्या भानगडीत पडू नये. वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि मोठं झालेलं तरस हाड फोडणाऱ्या जबड्याचं जनावर असतं. पण साईक्सनं हा प्रसंग आपल्या यादीत नोंदवला, कारण तेव्हा तरसाबद्दल युरोपात फार वाईट समज होता. मढी उकरणारं, माणसाळता न येणारं, क्रूर जनावर अशी त्याची ख्याती. साईक्सनं वळण लावलं तर तेही कुत्र्याइतकंच माणसाळतं असं दाखवून दिलं.

१८३१ मध्येच लंडनच्या झुऑलॉजिकल सोसायटीपुढे त्यानं दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. त्यात कुत्र्याच्या कुळातले आपले दोन मोठे शिकारी नव्या नावांनी आले. एक होता लांडगा. त्याच्या फिक्या रंगाच्या पायांवरून नाव ठेवलं पॅलिपेस. दुसरा होता कोळसून, म्हणजे रानकुत्रा. त्याला मुलखाचं नाव मिळालं, दुखुनेन्सिस.

पुढे या दोन नावांचं नशीब वेगवेगळं निघालं.

शास्त्रात नियम असा की ज्यानं आधी नाव दिलं, त्याचं नाव टिकतं. रानकुत्र्याला पीटर पल्लास या शास्त्रज्ञानं साईक्सच्या २० वर्षं आधी, १८११ मध्येच नाव देऊन ठेवलं होतं. त्यामुळे प्रजातीचं नाव पल्लासचं राहिलं आणि साईक्सचं दुखुनेन्सिस फक्त इथल्या उपप्रजातीपुरतं उरलं. पुढे ब्रायन हॉजसननं १८३८ मध्ये रानकुत्र्याचा गटच वेगळा केला. रानकुत्र्याला खालच्या जबड्यात दाढा कमी असतात, म्हणून तो कुत्रा-लांडग्यांत बसत नाही.

लांडग्याचं उलट झालं. साईक्सनं त्याला युरोपच्या लांडग्याहून निराळी प्रजाती मानलं होतं. नंतरच्या शास्त्रज्ञांनी ते खोडून त्याला जगभरच्या राखाडी लांडग्याची एक उपप्रजाती करून टाकलं. बरीच वर्षं असंच चाललं. मग आलं डीएनएचं युग. २००४ च्या सुमाराला आणि पुन्हा २०२१ मध्ये झालेल्या जनुकीय अभ्यासांत दिसलं की भारतीय लांडग्याची शाखा फार जुनी आहे, आणि ती बाकीच्या राखाडी लांडग्यांपासून खूप आधी फुटलेली आहे. त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणावं का, यावर आता गंभीरपणे चर्चा होते. दुर्बिणीपलीकडे फारशी साधनं नसलेल्या एका माणसानं जे ताडलं होतं, तिकडेच विज्ञान फिरून येतंय.

साईक्सचं पुढचं आयुष्य विलायतेत गेलं. १८३३ मध्ये तो फौजेतून निवृत्त झाला, पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीचा फेलो झाला. दख्खनच्या पक्ष्यांची आणि माशांची यादी त्यानं छापली. ५० पेक्षा जास्त पक्षी त्यानं शास्त्राला नवे म्हणून नोंदवले. तळ्याकाठी दिसणाऱ्या वंचक बगळ्याच्या शास्त्रीय नावापुढेही साईक्स हेच आडनाव लागतं. लंडनची स्टॅटिस्टिकल सोसायटी उभी करण्यात त्याचा हात होता. १८४० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा डायरेक्टर झाला आणि १८५६ मध्ये थेट चेअरमन. १८५७ पासून मरेपर्यंत तो ॲबर्डीनचा खासदार होता. १६ जून १८७२ ला तो वारला.

आता गोष्टीची दुसरी बाजू.

ज्या राजवटीच्या नोकरीत साईक्सनं या जनावरांना नावं दिली, त्याच राजवटीनं पुढे त्यांच्या डोक्यावर बक्षिसं लावली. लांडगा मारून आणा आणि सरकारकडून पैसे घेऊन जा, असा कारभार सुरू झाला. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबानं १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत भारतात बक्षिसासाठी २ लाखांहून जास्त लांडगे मारले गेले. रानकुत्र्यांवरही असंच बक्षीस होतं.

कारण एकच. एकदा का उपद्रवी असा शिक्का बसला, की ते जनावर जंगलात आणि माळावर नेमकं काय काम करतं हे कुणी विचारत नाही.

आणि काम तर मोठं आहे. शिकारी वेगळा आणि मेलेलं खाणारा वेगळा, अशी आपण सरळ वाटणी करतो. निसर्गात ती तशी नसते. अमेरिकेतलं ग्रिझली अस्वल स्वतः शिकार करतं, आणि संधी मिळाली तर लांडग्यांनी मारलेली शिकार हिसकावूनही घेतं. आपला लांडगा काळवीट, ससे, मेंढरं मारतो, पण गावाबाहेर टाकलेलं मेलेलं जनावरही सोडत नाही. तरसाचं पोट मुख्यतः मेलेल्यावर चालतं. बाकीच्यांनी टाकून दिलेली हाडंही ते फोडून पचवतं, म्हणून त्याची विष्ठा वाळली की पांढरी पडते. हे सगळे मिळून माळाची साफसफाई करतात.

१९९० नंतर डायक्लोफिनॅक या जनावरांच्या औषधामुळे गिधाडं धडाधड मेली. मेलेल्या गुरांवर भटकी कुत्री वाढली. तीच कुत्री आता लांडग्यांना रेबीज आणि डिस्टेंपरसारखे रोग देतात. एवढंच नाही, पुण्याजवळ लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. जो वंश इतका जुना आणि वेगळा, तोच आता मिसळून पुसला जायची भीती आहे. देशात लांडगे उरलेत सुमारे ३ हजार. वाघांइतकेच, पण वाघाएवढं त्यांच्याकडे कुणी बघत नाही. माळरान कागदावर पडीक जमीन असतं, त्यामुळे तिथे प्लॉट पडला, सोलर आलं, रस्ता आला तरी कुणाला काही वाटत नाही.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर तसला व्हिडिओ आला, तर आधी नीट बघायचं. पुढचा भाग उंच, मागचा उतरता, अंगावर पट्टे आणि मानेवर आयाळ असेल तर ते तरस. लांब पायांचा, मातकट राखाडी, उघड्या माळावर एकटा किंवा दोघा-चौघांत असेल तर लांडगा. तांबूस अंग, काळपट झुपकेदार शेपूट आणि जंगलात टोळी असेल तर कोळसून. लांडग्याहून बराच लहान आणि आखूड पायांचा असेल तर कोल्हा. अंगावर गोल ठिपके असतील तरच बिबट्या.

ओळख पटली की लांबूनच वाट सोडायची आणि वनविभागाला कळवायचं. गर्दी करायची नाही, पाठलाग करायचा नाही.

साईक्सला ही ओळख पटवून देणारे इथलेच लोक होते. माळावर फिरणाऱ्या माणसाला लांडगा कोणता, तरस कोणतं आणि कोळसून कोणता हे तेव्हा डोळे झाकून सांगता यायचं. साहेबानं ते लिहून घेतलं आणि लंडनला नेलं. आपण ते विसरलो तर नावं पुस्तकात राहतील, आणि माळ मोकळा होईल.