साहस आणि जबाबदारी : लॉर्ड बेडन-पॉवेल

आमच्या अंबडपासून पांडवलेणीं जवळच आहेत. अंजनेरी व ब्रह्मगिरी एका दिवसांत पाहून येतां येतात. हरिहर किल्ल्याच्या कातळांत खोदलेल्या उभ्या पायऱ्या तर धाडसी तरुणांस नेहमींच मोह घालतात. सहलीचा बेत ठरला म्हणजे मुलांच्या मनांत आनंद असतो, आईबापांच्या मनांत काळजी असते, आणि ज्या शिक्षकाच्या हातीं मुलें सोंपविलीं जातात त्याच्या शिरावर जबाबदारी असते. ह्या जबाबदारीचें स्वरूप समजावें म्हणून, ज्यांनीं जगांतील लक्षावधि मुलांस घराबाहेर रानावनांत नेलें, त्या लॉर्ड बेडन-पॉवेल ह्यांचें अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

रॉबर्ट बेडन-पॉवेल ह्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजीं लंडन येथें झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक असून ऑक्सफर्ड विद्यापीठांत भूमितीचे प्राध्यापक होते. १८६० सालीं, रॉबर्ट अवघे तीन वर्षांचे असतां, ते वारले व मोठ्या कुटुंबाचा सारा भार मातोश्रींवर पडला. पुढें चार्टरहाउस शाळेंत रॉबर्ट ह्यांचें मन पुस्तकांपेक्षां शाळेनजीकच्या झाडींत अधिक रमे. १८७६ सालीं ते सैन्यांत शिरले व तेराव्या हुसार घोडदळाबरोबर हिंदुस्थानांत लखनौ येथें आले. शत्रूच्या मुलखांत टेहळणी कशी करावी, खाणाखुणांवरून वाट कशी काढावी, ही विद्या त्यांनीं अशा नोकरींतच कमावली.

दक्षिण आफ्रिकेंतील बोअर युद्धांत मॅफेकिंग गांवास पडलेल्या वेढ्यामुळें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. ऑक्टोबर १८९९ ते मे १९०० असा २१७ दिवस त्यांनीं तो गांव राखला. वेढ्यांत गांवांतील मुलांचें एक पथक निरोप पोंचविण्याचें काम करी; मुलांवर विश्वास टाकिला असतां तीं तो सार्थ करितात, हा धडा तेथेंच मिळाला. त्याच वेढ्यांत तेथील आफ्रिकन रहिवाशांनीं सोसलेली भयंकर उपासमार विजयोत्सवांत झांकली गेली, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

१९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत त्यांनीं ब्राउनसी नांवाच्या लहानशा बेटावर सुमारें वीस मुलांचें शिबीर भरविलें. त्यांत श्रीमंतांचीं मुलें होतीं तशीं कष्टकऱ्यांचींही होतीं. त्यांच्या लहान लहान टोळ्या करून प्रत्येक टोळीस एक नायक नेमिला होता. पुढच्याच वर्षीं, १९०८ सालीं, त्यांचें मुलांसाठीं लिहिलेलें प्रसिद्ध पुस्तक बाहेर पडलें आणि बालवीर चळवळ वणव्यासारखी पसरली. सदैव तयार असावें, हें तिचें ब्रीद. १९१२ च्या आरंभीं संस्थेस राजसनद मिळून ती कायद्याच्या दृष्टीनें एक मान्य संस्था झाली.

परंतु त्याच वर्षीं ह्या ब्रीदाची कठोर परीक्षा झाली. ४ ऑगस्ट १९१२ रोजीं लंडनच्या वॉलवर्थ भागांतील बालवीर एका नावेंतून टेम्स नदीच्या मुखाशीं असलेल्या लेज्डाउन येथें शिबिरास निघाले होते. किनारा जवळ आला असतां अकस्मात् वादळी झोत आला व नाव उलटली. नऊ मुलें बुडालीं. आरमाराच्या जहाजानें त्यांचीं शवें लंडनला आणलीं, आणि अंत्ययात्रेस अलोट जनसमुदाय लोटला.

वारा कोणाच्या आज्ञेंत नसतो हें खरें. तथापि हवा पाहिली होती काय, नाव त्या पाण्याजोगी होती काय, मुलांस पोहतां येत होतें काय, हे प्रश्न वाऱ्याचे नसून माणसाचे आहेत. असल्या प्रसंगीं सहली अजिबात बंद करणें सोपें असतें. बेडन-पॉवेल ह्यांच्या संस्थेनें तें केलें नाहीं. तिनें नियम बांधले. नावेंत बसणाऱ्या बालवीरास पोहतां आलेंच पाहिजे, व नाव हांकणारा जाणकार असलाच पाहिजे, अशीं कलमें तिच्या नियमपुस्तकांत आलीं. पुढें १९१९ सालीं लंडनजवळ गिलवेल पार्क येथें नायकांच्या शिक्षणाचे वर्ग सुरू झाले. मुलांस तयार करण्यापूर्वीं त्यांच्या नायकास तयार केलें पाहिजे, हें त्या वर्गांचें मर्म होतें.

आपल्या देशाशींही त्यांचा संबंध आला. येथें प्रथम ही चळवळ युरोपियन मुलांपुरतीच होती. हा भेद न साहून ॲनी बेझंट ह्यांनीं, तसेंच पंडित मालवीय व कुंझरू ह्यांनीं स्वतंत्र बालवीर संस्था उभारल्या. १९२१ सालीं बेडन-पॉवेल स्वतः येऊन बेझंटबाईंना भेटले. ते १९३७ सालीं दिल्लीच्या मेळाव्यासही आले होते. स्वातंत्र्यानंतर, १९५० सालीं, ह्या संस्था एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली.

लेज्डाउनचे प्रश्न आपल्याकडेही पुन्हां पुन्हां उभे राहिले आहेत. २८ मे १९९५ रोजीं पंजाबांतील एका शाळेचीं चौदा मुलें सहलींत बियास नदींत बुडालीं. तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि २००१ सालीं न्यायालयानें प्रत्येक मुलामागें पांच लाख रुपयांची भरपाई कायम केली. शिक्षकाच्या हयगयीबद्दल त्यास नेमणारी शाळाही जबाबदार असते, हें त्या निकालानें स्पष्ट झालें. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या समुद्रांत पुण्याच्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलींत बुडाले, तेव्हां सारा महाराष्ट्र हळहळला. २०२१ सालीं राज्य शासनानें साहसी पर्यटनाचें धोरण जाहीर करून अशा उपक्रमांच्या चालकांस नोंदणी लावून दिली. निष्काळजीपणानें मृत्यु घडविणें हा भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमान्वयें अपराध आहे. आईबाप संमतिपत्रावर सही करितात ती विश्वासानें. ती सही म्हणजे निष्काळजीपणाची परवानगी नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, ह्यांत तुमचाही वांटा आहे. गुरुजी पाण्याजवळ जाऊं नका म्हणतात, वाट सोडूं नका म्हणतात, चढण्यापूर्वीं व उतरल्यावर मुलें मोजतात, तेव्हां तें भित्रेपणाचें लक्षण समजूं नका. ज्यानें धोका आधीं ओळखला तोच खरा धाडसी.

बेडन-पॉवेल ह्यांनीं आयुष्याची अखेर केनियांतील न्येरी येथें घालविली व तेथेंच ८ जानेवारी १९४१ रोजीं ते निवर्तले. त्यांच्या थडग्यावर एक वर्तुळ व मध्यें एक ठिपका कोरलेला आहे. बालवीरांच्या खुणांच्या भाषेंत त्याचा अर्थ, घरीं गेलों, असा होतो. लेज्डाउनच्या नऊ मुलांस ती खूण वाटेवर काढून घरीं परततां आलें नाहीं. आमच्या गांवांतून सहलीस निघणाऱ्या प्रत्येक मुलास ती काढतां यावी, हीच आमची प्रभुचरणीं प्रार्थना.