पायी हिंडणारा कवी : बाशो

हायकू म्हटले की बाशोचे नाव निघतेच. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवले, तेव्हापासून आपल्याकडील काव्यप्रेमी मंडळींनाही ते अपरिचित राहिलेले नाही. परंतु त्याच्या कवितेविषयी मला येथे लिहावयाचे नाही. तेवढा माझा अधिकारही नाही. माझे कुतूहल निराळे आहे. ज्याच्यापाशी पैसा नव्हता, घर म्हणाल तर एक झोपडी, तीही लोकांनी दिलेली, असा हा माणूस महिनोन्‌महिने पायी हिंडला आणि जपानमधील जुनी बौद्ध मंदिरे व शिंतो देवस्थाने पाहून आला. हे त्याला जमले कसे?

मात्सुओ बाशोचा जन्म १६४४ साली इगा प्रांतातील उएनो या गावी झाला. घराणे सामुराई म्हणवणारे, पण अगदी खालच्या पायरीवरचे. बाशो बारा वर्षांचा असताना वडील वारले आणि प्रपंचाचा भार थोरला भाऊ हान्झाएमोन याच्यावर आला. बाशो तेथील सरदार घराण्याच्या योशितादा नावाच्या तरुण वारसाकडे चाकरीस राहिला. दोघांनाही कवितेचे वेड. पण १६६६ साली योशितादा अकाली गेला आणि बाशोच्या नशिबी आलेला आधार तुटला. १६७२ साली त्याने एडो म्हणजे आजचे टोकियो गाठले. तेथे पोटासाठी त्याने शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामावरही काही काळ नोकरी केली. पुढे काव्यगुरू म्हणून नाव झाले, शिष्य जमले. शिकाऊ कवींच्या रचना तपासून त्यांना गुण द्यायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे, असा त्या काळी काव्यगुरूंचा व्यवसायच असे. चांगले बस्तान बसले असताना १६८० साली बाशोने तो सोडला आणि नदीपलीकडे फुकागावा येथे एका झोपडीत तो राहावयास गेला.

ती झोपडी साम्पू नावाच्या मासळीच्या व्यापाऱ्याची. हा त्याचा शिष्यच. दुसऱ्या शिष्याने अंगणात केळीच्या जातीचे एक झाड आणून लावले. त्या झाडाला जपानीत बाशो म्हणतात. त्यावरूनच कवीला हे नाव पडले. झोपडीत तांदूळ ठेवायला एक वाळका भोपळा होता. शिष्य येता-जाता त्यात तांदूळ घालीत. १६८२ सालच्या अखेरीस एडोत मोठी आग लागली, तीत ही झोपडी जळाली, तेव्हा मंडळींनी वर्गणी काढून नवी बांधून दिली. बाशोच्या गरिबीचे हे स्वरूप आरंभीच लक्षात घ्यावयास हवे. ती खरी होती, पण ती एकट्याची नव्हती. तिच्या पाठीशी माणसे होती.

१६८३ साली आई वारली. बाशो घरी जाऊ शकला नाही. पुढच्या वर्षी तो पहिल्या मोठ्या पायी प्रवासाला निघाला आणि वाटेत घरी पोहोचला, तेव्हा भावाने एक पिशवी सोडून तिच्यातले आईचे पांढरे केस त्याच्या हाती ठेवले. याच प्रवासात तो इसेच्या महादेवस्थानी गेला होता. त्याचे डोके भादरलेले, हातात जपमाळ. इसेच्या देवस्थानात बौद्ध भिक्षूंना आत प्रवेश नसे. बाशो भिक्षू नव्हता, पण वेष तसा. त्यामुळे त्यालाही देवापुढे जाता आले नाही. ज्या वेषामुळे रस्त्यावर चार लोक आदराने वागवीत, तोच वेष दाराशी आडवा आला.

त्याचा सर्वांत मोठा प्रवास १६८९ सालचा. वय पंचेचाळीस. झोपडी दुसऱ्या एका कुटुंबाला देऊन टाकली, पायजम्याची ठिगळे शिवली, टोपीला नवी दोरी लावली आणि मे महिन्यात तो उत्तरेकडे निघाला. सोबतीला सोरा नावाचा शेजारी व शिष्य. सुमारे पाच महिन्यांत दोघे अंदाजे २४०० किलोमीटर हिंडले. ओझे म्हणजे रात्री थंडीत घालायचा कागदी अंगरखा, पावसाचे कपडे, शाई आणि कुंचले. शिवाय निरोपाच्या वेळी लोकांनी दिलेल्या भेटी, ज्या टाकवतही नव्हत्या. पहिल्याच मुक्कामी त्याचे खांदे दुखू लागले.

या प्रवासावर बाशोने जे पुस्तक लिहिले त्याचे नाव ओकु नो होसोमिचि, म्हणजे साधारणपणे उत्तरेकडील आडवाटेची अरुंद पायवाट. पण सोरानेही एक रोजनिशी ठेवली होती. ती १९४३ साली प्रसिद्ध झाली आणि मग दोन्ही समोर ठेवून पाहण्याची सोय झाली. मला तर पुस्तकाइतकीच ही कोरडी रोजनिशी मोलाची वाटते. सोराने निघण्यापूर्वी जुन्या ग्रंथांतून वाटेवरच्या देवस्थानांची टिपणे काढून घेतली होती. पैसे नसले की तयारी अधिक लागते, ती अशी.

निक्को येथे तोकुगावा घराण्याच्या मूळपुरुषाचे भव्य देवस्थान आहे. तेथे कोणीही यावे आणि पाहून जावे, असे त्या काळी नव्हते. सोराच्या नोंदीप्रमाणे त्यांनी एडोतल्या एका मंदिराचे पत्र आणले होते. ते तेथील मठात दिले, बराच वेळ थांबले आणि मग आत सोडण्यात आले. बाशोच्या पुस्तकात या पत्राचा उल्लेखही नाही. तेथे केवळ पर्वताचे माहात्म्य आहे. माझ्यासारख्याला, ज्याच्या घरातून कॉलेजची पायरी पहिल्यांदाच कोणी चढले, त्याला मात्र ते पत्रच आधी दिसते. चिठ्ठी असणे आणि नसणे यात किती अंतर असते ते आम्हांला ठाऊक आहे.

नासूच्या माळावर वाटा चुकण्याची भीती होती. गवत कापणाऱ्या एका शेतकऱ्याने त्यांना आपला घोडा दिला. जेथे थांबेल तेथून परत पाठवा, इतकीच अट. बाशोने पुढच्या वस्तीवर उतरून खोगिराला भाड्याचे पैसे बांधले आणि घोडा सोडून दिला. त्याच्या साऱ्या प्रवासात हा व्यवहार मला फार आवडतो. सेन्दाईला एका चित्रकाराने त्यांना निळ्या बंदांच्या गवती वहाणा दिल्या. ओबानाझावाला केशरी करडईच्या फुलांच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याने दहा दिवस ठेवून घेतले. पण सगळीकडे असे पाहुणचार नव्हते. इझुका येथे गळक्या छपराखाली पिसवांनी झोपू दिले नाही, जुने दुखणेही उलटले. शितोमाएच्या नाक्यावर वादळामुळे तीन दिवस अडकून पडले. तेथेही पिसवा, उवा आणि उशाशी मुतणारा घोडा.

हिराइझुमीचे चूसोन मंदिर म्हणजे या प्रवासाचे एक मोठे ठिकाण. तेथील सोन्याने मढवलेले सभागृह ११२४ सालचे. ते ऊनपावसात नष्ट होऊ नये म्हणून १२८८ साली त्यावर दुसरी इमारत चढवली. म्हणून बाशोला ते पाहायला मिळाले. बाशो लिहितो की दोन्ही वास्तू उघडल्या होत्या. सोरा लिहितो की ग्रंथगृहाचा रखवालदार बाहेर गेला होता, त्यामुळे ते उघडले नाही. म्हणजे न पाहिलेल्या मूर्तींचे वर्णन कवीने केले! विद्वान याला काव्याचे स्वातंत्र्य म्हणतात. मला वाटते, एवढे चालून गेलेल्या माणसाला दार बंद होते हे लिहवले नसावे.

यामादेरा मात्र बेतात नव्हतेच. लोकांनी आग्रह केला म्हणून दोघे मुद्दाम वाट वाकडी करून गेले. हे मंदिर ८६० साली स्थापन झालेले, कड्याच्या अंगावर चढत गेलेले. पायथ्याच्या यात्रेकरूंच्या निवासात जागा धरून ते उजेडातच वर चढले. सगळी दारे बंद होती, आवाज कशाचा नव्हता. या बंद दारांपाशीच त्याची अतिशय गाजलेली एक हायकू जन्मली. पुढे गास्सान हा १९८४ मीटर उंचीचा पवित्र पर्वत त्यांनी बर्फातून चढला व माथ्यावर बांबूच्या पानांवर अंग टाकून रात्र काढली. युदोनो येथे काय पाहिले ते कोणाला सांगायचे नाही अशी प्रथा. बाशोनेही सांगितले नाही.

आता इचिबुरीचा प्रसंग. एका खाणावळीत शेजारच्या खोलीत निइगाताकडच्या दोन वेश्या उतरल्या होत्या. त्या इसेच्या यात्रेला निघालेल्या. सकाळी त्यांनी रडून विनवले की वाट अनोळखी आहे, भीती वाटते, तुमच्या मागून थोड्या अंतराने येऊ द्या. बाशोने नकार दिला. आम्हांला ठिकठिकाणी थांबावे लागते, तुम्ही इतरांबरोबर जा, अशा अर्थाचे काही सांगितले आणि मग कितीतरी वेळ त्याला वाईट वाटत राहिले. सोराच्या रोजनिशीत हे काहीच नाही. बहुतेक अभ्यासक तो प्रसंग कल्पित मानतात. कल्पित असेल तर तो मला अधिकच बोचतो. कारण मग बाशोने स्वतःच्या हाताने स्वतःला नकार देणारा म्हणून रंगवले आहे. ज्याला साऱ्या वाटेवर कोणी घोडा दिला, कोणी वहाणा दिल्या, कोणी चिठ्ठी दिली, त्याच्याकडे दोन बायांनी फक्त मागून चालण्याची परवानगी मागितली. त्यांच्याजवळ शिष्य नव्हते, झेनचा वेष नव्हता.

पुढे सोरा आजारी पडून आधी निघून गेला. झेन्शो मंदिरात बाशो त्याच्याशिवाय राहिला. तेथे रात्रीच्या निवाऱ्याबद्दल पाहुण्याने सकाळी अंगण झाडून जावे अशी रीत होती. तरुण भिक्षू कागद-शाई घेऊन कवितेसाठी मागे धावत आले, पण बाशोने झाडण्याचे काम चुकवले नाही, निदान कवितेत तरी. ओगाकी येथे प्रवास संपला, आणि लगेच तो नावेने पुन्हा इसेला निघाला, कारण दर वीस वर्षांनी तेथील देवालय नवे बांधतात आणि १६८९ हे तसे वर्ष होते. ती प्रथा अजून चालू आहे. यापूर्वी २०१३ साली ते नवे झाले.

पुस्तकावर तो पुढे कित्येक वर्षे काम करीत राहिला. १६९४ साली एका सुलेखनकाराकडून त्याची स्वच्छ प्रत करून घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात ओसाका येथे तो वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे ओत्सु येथील गिचु मंदिरात त्याला पुरले. पुस्तक छापले गेले ते १७०२ साली. मरणापूर्वी शेवटचा घरी गेला तेव्हा त्याने ती सुंदर प्रत बरोबर नेली होती. ती त्याने कोणा धनिक शिष्याला दिली नाही. जो कधी कुठे हिंडला नाही, ज्याने घर सांभाळले आणि आईचे केस जपून ठेवले, त्या हान्झाएमोनला दिली.