सातबारा नाही म्हणून जामीन नाही : कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि आजचे भरलेले तुरुंग

२९ डिसेंबर हा कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी आपल्या विहारांत त्यांच्या फोटोला हार घातला जातो, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहावर दोन भाषणे होतात आणि कार्यक्रम संपतो. आम्ही गोंदिया जिल्ह्यातील कार्यकर्ते यंदा त्यांचे चरित्र दुसऱ्या बाजूने वाचत आहोत. या माणसाने आपल्या लोकांना तुरुंगात नेले, आणि तुरुंगातून मान ताठ ठेवून बाहेरही आणले. आज आपली माणसे तुरुंगात जातात ती एकेकटी जातात, आणि तिथेच राहतात. हा फरक का पडला, हे दादासाहेबांच्या आयुष्यातून समजते.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. महार वतनाची गुलामी त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. रात्री-अपरात्री सरकारी कामाला जायचे, मेलेली जनावरे ओढायची, आणि मोबदला म्हणून गावापुढे हात पसरायचा. नाशिकला ते वसतिगृहातील मुलांची काळजी घेऊ लागले आणि त्याच काळात बाबासाहेबांच्या चळवळीत आले. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली अनेक पत्रे आज उपलब्ध आहेत. एवढा भरवसा फार थोड्या सहकाऱ्यांच्या वाट्याला आला.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारोंची मिरवणूक मंदिरापर्यंत गेली आणि दरवाजे बंद झाले. रोज तुकड्या जायच्या, अटका व्हायच्या. त्या वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, लोक जखमी झाले. बाबासाहेब कधी मुंबईत, कधी गोलमेज परिषदेसाठी लंडनला. नाशिकची आघाडी सांभाळायची जबाबदारी सत्याग्रह समितीचे चिटणीस म्हणून दादासाहेबांवर होती. स्वतः तुरुंगवास भोगत त्यांनी हा लढा जवळपास पाच वर्षे चालता ठेवला. मंदिर उघडले नाही. पण जो समाज पोलीस पाटलाच्या हाकेने थरथरत होता, तो अटकेला घाबरेनासा झाला. पुढे १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा ऐकणारा समाज बदललेला होता.

१९३७ मध्ये दादासाहेब मुंबई विधानसभेत गेले. तिथे त्यांनी महार वतनाचा प्रश्न लावून धरला. १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली. दोन महिन्यांत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९५७ मध्ये दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले आणि त्याच वर्षी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. १९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते. पक्षात फूट पडली, शिकलेल्या नव्या पुढाऱ्यांशी मतभेद झाले. काही जणांना जमिनीचा प्रश्न म्हणजे कम्युनिस्टांचा प्रश्न वाटत होता. दादासाहेब मात्र धोतर-सदऱ्यातले, खेड्यातले राहिले. दीक्षा घेतलेला माणूस दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जातो तोवर त्याची मान पूर्ण वर होणार नाही, हे त्यांनी पक्के ओळखले होते.

पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी घेऊन १९५३ मध्ये मराठवाड्यात आणि १९५९ मध्ये खानदेश, नाशिक, मराठवाड्यात सत्याग्रह झाले. सर्वांत मोठा लढा ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी सुरू झाला. भूमिहीनांना जमीन, किमान वेतन, अस्पृश्यताविरोधी कायद्याची अंमलबजावणी, धर्मांतरित बौद्धांना सवलती, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र अशा मागण्या होत्या. हा लढा फक्त बौद्धांचा नव्हता. भूमिहीन तो आपला, मग तो कोणत्याही जातीचा असो, असे दादासाहेबांचे धोरण होते. फेब्रुवारी १९६५ पर्यंत देशभरात तीन लाखांहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले. स्त्रियाही मोठ्या संख्येने गेल्या. नाशिककडे शांताबाई दाणी यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्यात आघाडीवर होत्या. सरकारजवळ तुरुंगांत जागा उरली नाही. अखेर लालबहादूर शास्त्रींच्या सरकारला या मागण्यांची दखल घ्यावी लागली. बाबासाहेबांचे तैलचित्र १९९० मध्ये संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागले. जमिनीचा प्रश्न मात्र बराचसा कागदावर राहिला. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १९६४ साली गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता. १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला. पण त्यानंतरही वर्षानुवर्षे इथल्या कच्च्या कैद्यांना भंडाऱ्याच्या जिल्हा कारागृहात ठेवले जात राहिले. सालेकसा किंवा देवरीच्या टोकावरच्या बाईला नवऱ्याच्या मुलाखतीला भंडाऱ्यापर्यंत जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते आणि दुसऱ्या दिवसाची भाड्यात जाते.

देशातले तुरुंग आजही भरलेले आहेत, पण सत्याग्रहींनी नव्हे. २०२२ अखेर भारतातल्या तुरुंगांची क्षमता सुमारे ४ लाख ३६ हजार होती आणि आत ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. दलित, आदिवासी, मुस्लिम यांचे तिथले प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त आहे.

ही माणसे आत का राहतात? अनेकांना जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही. जामीनदार म्हटला की सातबारा मागतात, घराची कर पावती मागतात, ऐपतीचा दाखला मागतात. ज्याच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याच्या नातेवाइकांकडे सातबारा कुठून येणार? दादासाहेबांनी मागितलेली जमीन मिळाली असती, तर आज कितीतरी माणसे घरी असती. भूमिहीनांचा सत्याग्रह आणि भरलेला तुरुंग हे आम्हाला दोन वेगळे विषय वाटत नाहीत. आज त्यांच्या नावाने राज्य सरकारची सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे. तिच्यात भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. आपल्या तालुक्यात ती किती घरांपर्यंत पोहोचली, हे प्रत्येकाने विचारून पाहावे.

तुरुंगाच्याही आधी पोलीस कोठडी येते. मे २०२१ मध्ये आपल्याच आमगावात चोरीच्या संशयावरून पकडलेला एक तरुण कोठडीत मरण पावला. पोलीस निलंबित झाले, तपास सीआयडीकडे गेला. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या धरपकडीत अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळवायला त्याच्या आईला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. परभणीसाठी राज्यभर माणसे रस्त्यावर आली, ते योग्यच झाले. पण आमगावच्या तरुणासाठी आपण किती जण उभे राहिलो? तो आंदोलक नव्हता, चोरीचा संशयित होता, म्हणून आपण गप्प बसलो का? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारतो. आपला कोण, हे दादासाहेबांनी जात पाहून ठरवले नाही. आपण तरी आरोप पाहून ठरवू नये.

बौद्धांना हे नवे नाही. सम्राट अशोकाने आपल्या धम्ममहामात्रांना तुरुंगातल्या माणसांची, विशेषतः ज्यांच्यामागे लेकरे आहेत किंवा जे वृद्ध आहेत त्यांची काळजी घेण्याचे काम दिले होते. कलिंगातल्या शिलालेखात त्याने विनाकारण कैद आणि छळ होऊ नये, अशी ताकीद अधिकाऱ्यांना दिली. कैद्याची विचारपूस हे त्या काळी धम्माचे काम होते.

म्हणून यंदा स्मृतिदिनी हार घातल्यावर एक वही उघडावी, असे आम्ही सुचवतो. तालुक्यात कुणाला अटक झाली की त्याचे नाव, तारीख, वेळ लिहायची. चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नेले का, नातेवाइकांना कळवले का, वैद्यकीय तपासणी झाली का, हे पाहायचे. कोठडीतल्या प्रत्येकाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, हे घरच्यांना सांगायचे. २०२३ पासून केंद्राच्या योजनेतून गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते, तिचा अर्ज भरून द्यायचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर तो सुटकेस पात्र ठरतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त खटले असणाऱ्यांना हे लागू नाही. बाकीच्यांचे दिवस मोजायला कुणीतरी हवे.

दादासाहेबांच्या मागे गेलेला सत्याग्रही तुरुंगात एकटा नव्हता. त्याचा समाज बाहेर जागा होता. आज आत असलेल्या माणसालाही तेवढेच हवे आहे.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांना विनम्र अभिवादन. जयभीम!