अकरा मंत्र्यांपैकी दोन

संमिश्र मंत्रिमंडळात लहान पक्षाने शिरावे, की विरोधी बाकांवर बसून आपला कार्यक्रम शाबूत राखावा, हा वाद आपल्याकडे निवडणुकांगणिक नव्याने रंगतो. वाद घालणाऱ्यांनी अबुल कासीम फजलुल हक यांचे चरित्र एकदा डोळ्यांखालून घालावयास हरकत नाही. १९४० च्या लाहोर ठरावाचे प्रस्तावक एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे उरली आहे. ते त्या व्यासपीठावर पोहोचले ते मात्र कुळांच्या आणि कर्जदारांच्या राजकारणातून, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

हक यांचा जन्म १८७३ सालचा, बंगालच्या बाकरगंज जिल्ह्यातला. गणितात एम. ए., नंतर आशुतोष मुखर्जी यांच्या हाताखाली वकिलीची उमेदवारी, काही वर्षे सरकारी नोकरी आणि १९१२ साली तिचा राजीनामा. एके काळी मुस्लिम लीगचे अध्यक्षपद आणि काँग्रेसचे सरचिटणीसपद या दोहोंचा भार त्यांनी एकदमच वाहिला. परंतु त्यांचे खरे बळ खेड्यात होते. १७९३ च्या कायमधारा पद्धतीने जमीनदार आणि रयत यांच्यामध्ये मध्यस्थांची जी उतरंड उभी केली, तिच्याखाली दबलेल्या कुळांचा पक्ष त्यांनी बांधला. कृषक प्रजा पक्ष हे त्याचे नाव. विनामोबदला जमीनदारी नष्ट करणे हे त्याचे पहिले वचन होते.

१९३७ च्या निवडणुकीत खुद्द जमीनदार घराण्यातील ख्वाजा नाझिमुद्दीन यांना हक यांनी पटुआखालीत पाडले. तथापि २५० जणांच्या विधानसभेत पक्षाला जागा मिळाल्या सुमारे ३६. काँग्रेसच्या पन्नासहून थोड्या अधिक, लीगच्या चाळिसांच्या घरात, आणि युरोपियनांच्या २५. हक प्रथम काँग्रेसकडे गेले. बोलणी फिसकटली ती अग्रक्रमावर. आधी राजबंद्यांची सुटका की आधी कुळकायदा? सुटकेवरून गव्हर्नरशी खटका उडाला आणि राजीनामा द्यावा लागला, तर कुळांच्या पदरात काहीच पडणार नाही, ही कृषक पक्षाची भीती अगदीच निराधार नव्हती. शिवाय अधिकारग्रहणाचा काँग्रेसचा निर्णयच तोवर झाला नव्हता. मग हक लीगकडे वळले. ते प्रांताचे पंतप्रधान झाले. पण अकरा मंत्र्यांपैकी कृषक पक्षाचे दोनच, एक ते स्वतः आणि दुसरे सय्यद नौशेर अली. पराभूत नाझिमुद्दीन मंत्रिमंडळात आले, आणि पक्षाचे सरचिटणीस शमसुद्दीन अहमद बाहेर राहिले. माझ्या मते चूक सामील होण्यात नव्हती, या अटींवर सामील होण्यात होती. पक्षाचे अनेक सभासद लवकरच विरोधात गेले, हक स्वतः त्याच वर्षी ऑक्टोबरात लीगमध्ये दाखल झाले, आणि १९३८ साली अविश्वासाचे ठराव आले तेव्हा सरकार तरले ते युरोपियन मतांवर.

मात्र या सरकारने कुळांना काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९३८ च्या कायद्याने जमीन हस्तांतरावरील जमीनदाराची सलामी गेली, खंडवाढ दहा वर्षे स्थगित झाली. कर्जनिवारण मंडळे गावोगाव पोहोचली. १९४० च्या सावकारी कायद्याने व्याजाला मर्यादा घातली. (सावकाराचा हात आखडला की गरजू कुळाला कर्ज कोठून मिळणार, हा आम्हा अर्थशास्त्राच्या मास्तरांचा ठरलेला प्रश्न तेथेही उभा राहिला, आणि त्याला उत्तर देणारी सहकारी पतव्यवस्था बंगालमध्ये दुबळी होती.) जमीनदारी निर्मूलनाचे वचन मात्र फ्लाउड आयोगाच्या स्वाधीन झाले. आयोगाने १९४० साली शिफारस केली ती सरकारने मोबदला देऊन जमीनदारांचे हक्क विकत घेण्याची, आणि तीही कागदावरच राहिली.

त्याच सुमारास मुंबई प्रांतात डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष विरोधात बसला होता. १९३७ साली डॉक्टरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही; खोती कायद्याने जाण्यास १९४९ साल उजाडावे लागले. बाहेर राहण्याचीही किंमत असते, ती ही.

हक यांची किंमत वेगळी होती. जिनांशी बिनसल्यावर १९४१ च्या अखेरीस त्यांनी श्यामाप्रसाद मुखर्जींना बरोबर घेऊन दुसरे संमिश्र मंत्रिमंडळ बनविले. मार्च १९४३ मध्ये गव्हर्नरने त्यांचा राजीनामा घेतला. १९४६ च्या निवडणुकीत ते स्वतः निवडून आले, परंतु पक्षाच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. ज्या खेड्यांनी त्यांना उचलून धरले होते, ती लीगने केव्हाच आपलीशी केली होती. पूर्व बंगालातील जमीनदारी संपविणारा कायदा १९५० साली झाला, तोही लीगच्याच सरकारच्या हातून. १९५४ साली, ऐंशी उलटल्यावर, हक यांनी संयुक्त आघाडी उभारून त्या लीगचा धुव्वा उडविला आणि ते मुख्यमंत्री झाले. त्या मंत्रिमंडळाला कराचीच्या केंद्र सरकारने दोन महिनेही पुरे होऊ दिले नाहीत.