नाथमाधव : रुग्णशय्येवरून घडलेली कादंबरी

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला जाताना आपण कोळ्यांच्या होड्या पाहिल्या असतील. होडीवरील खलाशांचा प्रमुख तो तांडेल. दर्यावर्दींच्या बोलीतील हा शब्द ‘सावळ्या तांडेल’ (१९०९) या कादंबरीच्या शीर्षकातच आढळतो. तिचे लेखक नाथमाधव, म्हणजेच द्वारकानाथ माधवराव पितळे.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईत झाला. कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात ते नोकरीस होते. शिकारीचा छंद त्यांना सिंहगडावर घेऊन गेला. तेथे १९०५ मध्ये ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. ऐन विशीत हिंडणेफिरणे संपले.

रुग्णशय्येवर त्यांना वाचनाची गोडी लागली. अवघ्या तीन वर्षांत ‘प्रेमवेडा’ (१९०८) ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढे अद्भुतरम्य ‘वीरधवल’ (१९१३), सामाजिक ‘डॉक्टर’ आणि ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’सारख्या शिवकालीन कादंबऱ्या आल्या. ज्या गडाने पाय हिरावले, त्याच गडकोटांच्या काळाकडे त्यांची लेखणी वळली. २१ जून १९२८ रोजी त्यांचे निधन झाले.

येथे एक भेद ध्यानात घ्या. अपघात हे लेखनाचे निमित्त होते. त्यालाच प्रेरणा मानणे अपुरे ठरेल. तशी आपत्ती अनेकांवर येते, परंतु सारेच कादंबरीकार होत नाहीत. लेखकाला घडवले ते चिकाटीच्या वाचनाने आणि वीस वर्षांच्या अखंड लेखनाने. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या आपणांस हे वेगळे सांगावयास नको.

स्वाध्याय : ‘सावळ्या तांडेल’ वाचा आणि तीतील दर्यावर्दी जीवनाशी निगडित शब्दांची यादी करा.