पुण्यश्लोक अहिल्याबाई आणि तुळशीपत्र ठेवलेले द्रव्य



परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यात वालूर म्हणून गाव आहे. वाल्मीकि ऋषींचे नाव या गावाशी जोडलेले असून इथे जुन्या दगडी बारवा आहेत. त्यातल्या एका गोल बारवेच्या पायऱ्या वळत वळत खाली पाण्यापर्यंत जातात. बघणारा थक्क होतो. पण मधल्या काळात हिच्यात गाळ साचला, झुडपं उगवली. अलीकडे गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली, तेव्हा पायऱ्या पुन्हा दिसू लागल्या.

बारव बांधणे हे मोठे दान. वाटसरूचा, गुराढोरांचा, दिंडीचा जीव त्याने निवतो. पण दान करणारा एक दिवस निघून जातो. मागे राखणारा नसला म्हणजे दानाचा गाळ होतो, आणि राखणाऱ्यानेच मालक व्हायचे ठरवले म्हणजे दान कोर्टात जाते. दान द्यावे कसे आणि राखावे कोणी, हा विचार ज्या माउलीच्या चरित्रात पानोपानी भेटतो, त्या अहिल्याबाई होळकरांची आठवण म्हणूनच या महिन्यात करू. वालूरहून औंढ्या नागनाथाला जा, परळी वैजनाथाला जा, दोन्हीकडे जीर्णोद्धाराच्या गोष्टीत तिचेच नाव ऐकू येते. पंढरीत होळकर वाड्यातल्या राममंदिरात माथा टेकणाऱ्यालाही ती परकी नाही.

अहिल्याबाईंचा जन्म 1725 साली चौंडी या खेड्यात झाला. चौंडी आज अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. घर साधे, पण देवाधर्माचे. मल्हारराव होळकरांनी ही मुलगी आपल्या खंडेरावासाठी पसंत केली आणि 1733 साली ती होळकरांची सून झाली. सासूबाई गौतमाबाई करारी आणि व्यवहारी. दौलतीचा हिशेब कसा ठेवावा, माणूस कसा पारखावा, हे सारे अहिल्याबाई सासू-सासऱ्यांच्या हाताखाली शिकल्या.

1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. मल्हारबांनी म्हातारपणाचे डोळे पुसत त्यांना अडवले. राज्याला आणि रयतेला तुझी गरज आहे, असे विनवले. बाई थांबल्या. पुढे 1766 साली सासरे गेले आणि वर्षभरातच पोटचा मुलगा मालेरावही गेला. घरातला कर्ता पुरुष उरला नाही. राहिली एक विधवा, आणि तिच्यामागे भरलेली तिजोरी.

तिजोरी भरलेली असली की सल्ला देणारे आपोआप जमतात. दौलतीचे कारभारी गंगाधर यशवंत यांनी मसलत काढली की बाईंनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, आपण देवधर्म करीत बसावे आणि राज्यकारभार आमच्यावर सोडावा. बाईंनी साफ नकार दिला. आपण एकाची बायको आणि एकाची आई, वारस ठरवायचा हक्क आपला, हे त्यांनी जाणले होते. तेव्हा कारभाऱ्यांनी राघोबादादांना भरीस घातले आणि दादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले. बाईंनीही फौजेची तयारी केली आणि दादांना निरोप पाठवला की बाईमाणसाशी लढून जिंकलात तरी कीर्ती नाही, हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही. दादांनी पवित्रा बदलला, दुखवट्याला आलो म्हणाले. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी बाईंचाच हक्क मान्य केला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे देऊन अहिल्याबाईंनी महेश्वरी नर्मदेच्या तीरी बसून राज्य चालवले.

आता दानाची गोष्ट ऐका. होळकरांच्या घरी दोन खाती होती. एक दौलतीचे, म्हणजे राज्याचे. दुसरे खासगीचे, म्हणजे राणीवशाच्या स्वतःच्या उत्पन्नाचे. मल्हाररावांच्या विनंतीवरून बाजीराव पेशव्यांनी 1734 साली गौतमाबाईंना खासगीची गावे लावून दिली होती. सासूनंतर ती सुनेकडे आली. अहिल्याबाईंनी ही दोन खाती कधी एक होऊ दिली नाहीत. लढाईचा खर्च, फौजेचा पगार दौलतीतून. देवळे, घाट, अन्नछत्रे, धर्मशाळा खासगीतून. रयतेचा पैसा पुण्याच्या नावाखाली उधळायचा नाही आणि पुण्याचा पैसा राजकारणात घालायचा नाही, अशी ही शिस्त होती.

हाती आलेल्या खजिन्यावर बाईंनी हातात पाणी घेऊन तुळशीपत्र सोडले आणि तो धर्मकार्याला अर्पण केला, ही गोष्ट तर घरोघर सांगतात. पुढे राघोबादादांनी खर्चासाठी त्याच द्रव्याची मागणी केली. बाईंनी कळवले की हे धन आता आमचे राहिले नाही, कृष्णार्पण झाले. आपण ब्राह्मण आहात. दान म्हणून घ्यायचे असेल तर या, संकल्प सोडून देते. दादा चिडले, पण दान घ्यायला हात पुढे केला नाही.

वारकरी माणसाला तुळशीपत्राचे मोल सांगायला नको. शास्त्रात दानाची दोन अंगे सांगितली आहेत, संकल्प आणि उत्सर्ग. संकल्प म्हणजे अमुक कार्यासाठी देतो असे ठरवणे. उत्सर्ग म्हणजे आपली मालकी सोडून देणे. पुष्कळांचा संकल्प होतो, उत्सर्ग होत नाही. देवळाला जमीन देतो म्हणतात आणि पीक घरी आणतात. बाईंनी एकदा सोडले ते सोडले. राज्याचे हुकूमसुद्धा त्या श्रीशंकराच्या नावाने काढीत.

दुसऱ्याच्या मिळकतीबद्दलही त्यांचा न्याय असाच होता. इंदुरास एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींची छावणी जवळच होती. कोणी त्यांच्या कानी लागले आणि त्या संपत्तीत सरकारचा वाटा काढायचे त्यांनी मनात आणले. सावकाराची विधवा धावत महेश्वरास आली. बाईंनी तिला वस्त्रे देऊन नवऱ्याच्या घरादाराची आणि मिळकतीची मालकीण ठरवले आणि तुकोजींना तिथून तळ हलवायला लावले. खरगोणच्या व्यापाऱ्यांच्या विधवा तर आपण होऊन सारे धन बाईंच्या पायाशी घालायला आल्या. बाईंनी ते घेतले नाही, तुम्हीच लोकांच्या कामी लावा म्हणाल्या. त्या पैशातून खरगोणला कुंदा नदीवर घाट आणि गणपतीचे देऊळ उभे राहिले. दुसऱ्याच्या दानावर आपले नाव घालायची हौस त्यांना नव्हती.

त्यांनी स्वतः काय काय बांधले याची यादी लांब आहे. काशीविश्वेश्वराचे मंदिर 1780 साली, गयेचे विष्णुपद 1787 साली. सोमनाथ, घृष्णेश्वर, हरिद्वारचा कुशावर्त घाट, काशीची मणिकर्णिका. दूरदूरच्या देवळांना कावडीने गंगाजल पोचावे अशी त्यांनी सोय केली होती. पण नुसते देऊळ बांधून त्या थांबल्या नाहीत. पूजा, नंदादीप, अन्नछत्र कशावर चालायचे, त्याची नेमणूक लावून दिली. मृत्युपत्रावर काही टाकले नाही, जिवंतपणीच सारे बांधून दिले. मृत्युपत्राची चाल आपल्या जुन्या धर्मशास्त्रात नव्हतीच. ती इंग्रजी अमलात रुजली.

घरचे दुःख मात्र संपले नाही. नातू गेला, जावई यशवंतराव फणसे गेले, आणि 1791 साली लेक मुक्ताबाई आईचे न ऐकता सती गेली. 13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वरी बाईंनी देह ठेवला.

मातोश्री गेल्या, पण त्यांच्या दानाची कथा तिथे संपत नाही. दीडशे वर्षे होळकर संस्थानाने खासगी चालवली. 1948 साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा खासगीची मिळकत सरकारजमा होऊन, या धर्मकार्यांसाठी सरकारने कायम दर वर्षी 2,91,952 रुपये द्यावेत असे ठरले. 1962 साली खासगी देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज ट्रस्ट स्थापन झाला. देशभरची देवळे, घाट, धर्मशाळा धरून 246 मालमत्ता त्याच्या यादीत आल्या. 1972 साली पुरवणी दस्त करून विश्वस्तांनी विक्रीचा अधिकार घेतला. पुढे काही मिळकती विकल्या गेल्या. हरिद्वारच्या कुशावर्त घाटावरच्या मिळकतीवरून ओरड झाली आणि प्रकरण कोर्टात गेले. सरकार म्हणे मिळकत आमची, विश्वस्त म्हणत ट्रस्टची. 2020 साली उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने सरकारची बाजू उचलून धरली. 21 जुलै 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा सार्वजनिक न्यास आहे. त्याची नोंदणी झालीच पाहिजे, पूर्वपरवानगीवाचून मिळकत विकता येणार नाही, आणि झालेल्या विक्रीत न्यासाचे नुकसान झाले काय याची निबंधकाने चौकशी करावी. ज्या धनाला हात लावायला राघोबादादा कचरले, त्याच्यासाठी दोन शतकांहून अधिक काळानंतर दिल्लीच्या कोर्टाला पहारेकरी व्हावे लागले!

यातून आपण काय घ्यायचे? आपल्यात अंथरुणाला खिळलेला म्हातारा म्हणतो, माझे दोन एकर धर्माला द्या. धर्माला म्हणजे कोणाला? मुंबईच्या एका मृत्युपत्रात असेच मोघम धर्म हा शब्द लिहिलेला होता. 1899 साली विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलने ते दान रद्द ठरवले, कारण धर्म या शब्दात काय काय येते ते कोर्टाला ठरवता येईना. पुढे मुंबईच्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने सुधारणा केली की धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य अशा मोघम शब्दांपायीच तेवढे दान रद्द समजू नये. कायद्याने पदरात घेतले खरे, तरी मोघम शब्दाने भाऊबंदकीला वाट मिळते ती मिळतेच.

म्हणून दिंडीला, मठाला, अन्नदानाला काही ठेवायचे असेल तर हात धड असताना ठेवा. काय देता, कोणत्या कामाला देता, सांभाळायचे कोणी, हिशेब कोणाला दाखवायचा, हे स्पष्ट लिहा. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मुलाबाळांना आधी विश्वासात घ्या. त्यांचा हक्क मारून केलेल्या दानाला त्यांची हाय लागते. आणि ज्यांच्या हाती दुसऱ्याचे दान आहे त्यांनी रोज एकदा आठवावे की या पैशावर तुळशीपत्र ठेवलेले आहे.

वालूरच्या बारवेतला गाळ गावाने एकजुटीने काढला. आपापल्या गावच्या देवस्थानाचे चोपडे तसेच एकदा एकजुटीने उघडून पाहिले, तर अहिल्यामातेची ती खरी पुण्यतिथी होईल.

रामकृष्णहरि.